पुराचा इशारा आणि आपल्या वस्तीचा आकडा

सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल आहे. पावसाळा लागला की अख्ख्या शहराचे डोळे त्या पुलावरच्या मोजपट्टीकडे लागतात. पाणी ४० फुटांवर गेले की शासनाच्या भाषेत ती ‘इशारा पातळी’ आणि ४५ फुटांवर गेले की ‘धोका पातळी’. कोल्हापुरात पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याजवळ हेच आकडे ३९ आणि ४३ फूट आहेत. रेडिओ सांगतो, वर्तमानपत्र छापते, आता मोबाईलवरही येते. चहाच्या गाड्यावर माणसे एकमेकांना विचारतात, ‘आज किती फूट?’

वाचकहो, आम्हाला आज दुसराच एक प्रश्न विचारायचा आहे. तुमच्या वस्तीतल्या सर्वांत खालच्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागते, तेव्हा पुलावर किती फूट असते?

हा आकडा शंभरातल्या नव्वद जणांना सांगता येणार नाही. आणि आमच्या मते आपल्या घरादाराच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा आकडा तोच आहे. ४५ फूट ही शहराची धोका पातळी झाली. सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल भागात पाणी त्याच्या कितीतरी आधी शिरते. नदीकाठच्या एका खेड्यातली बाई आम्हाला एकदा म्हणाली, “गावाला धोका लागतो तवा आमची चूल विझून दोन दिस झालेले असतात.” त्या एका वाक्यात पूर नियंत्रणाचे अर्धे शास्त्र आले. धोका सगळ्यांना एकाच वेळी लागत नाही. जो खाली राहतो त्याला आधी लागतो, आणि जो खाली राहतो त्याच्यापर्यंत इशारा मात्र शेवटी पोचतो.

आता खाली कोण राहतो, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. जुन्या गावांची रचना आठवा. वाडे, देवळे, चावडी उंचवट्यावर. आणि आपली वस्ती गावकुसाबाहेर, बहुतेक ठिकाणी ओढ्याच्या काठाला नाहीतर पांढरीच्या उतारावर. ही जागा आपण निवडलेली नव्हती. पुढे पोटासाठी शहरात आलो, तर तिथेही मोकळी मिळाली ती नाल्याकाठची नाहीतर डोंगराच्या पायथ्याची जागा. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तो सगळ्या मुंबईवर पडला. तरी मिठी नदीच्या काठच्या झोपड्यांत गळ्याइतके पाणी चढले, आणि साकीनाक्याला डोंगराची कड खाली आली ती पायथ्याच्या झोपड्यांवर. पाऊस निसर्गाचा असतो. कोण कुठे राहणार, हे मात्र माणसांनी ठरवलेले असते. म्हणून ‘नशिबाचा भोग’ म्हणून पूर अंगावर घेणे आम्हाला मान्य नाही.

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात काय घडले ते पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेले. राजाराम बंधाऱ्यावर ते ५५ फुटांच्या पुढे होते. लाखो माणसांना घरे सोडावी लागली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावी ८ ऑगस्टला पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह सतरा जीव गेले. बोट एक आणि माणसे पुष्कळ. जो तो चढला, कारण दुसरी फेरी होईल याची खात्री कोणालाच नव्हती. या मृत्यूंना केवळ नदी कारण होती का? बोटी किती, त्या कोण चालवणार, एका फेरीत किती माणसे घेणार, अंगात घालायची तरंगती जाकिटे कुठे ठेवली आहेत, हे मे महिन्यात ठरवायचे असते. ऑगस्टात वेळ नसतो.

मग दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच झाले. पंचगंगा ५६ फुटांवर गेली, सांगलीत पाणी ५५ फुटांच्या आसपास पोचले. त्याच दिवसांत वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, सावित्रीच्या पाण्याने महाड वेढले, आणि २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. ‘असा पूर शंभर वर्षांत एकदाच येतो’ असे म्हणून स्वस्थ बसण्याचे दिवस गेले.

२०१९ च्या पुरानंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. २०२० साली तिचा अहवाल आला. थोड्या दिवसांत पडलेला अफाट पाऊस आणि नदीच्या पूरक्षेत्रात झालेली अतिक्रमणे व बांधकामे यांवर समितीने बोट ठेवले. अलमट्टी धरणामुळे हा पूर आला, असे समितीला आढळले नाही. त्यावर आजही वाद चालू आहेत. तो वाद तज्ज्ञांनी करावा. आपल्या कामाची गोष्ट आहे ती ‘पूररेषा’.

नदीकाठी पाटबंधारे खाते दोन रेषा आखते. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो, ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो, ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नदीच्या बाजूला घरे बांधायला मनाई. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी. निळा रंग आपल्या जिव्हाळ्याचा. पण ही निळी रेषा आपल्या घराच्या कोणत्या बाजूने जाते, हे पाहून ठेवले पाहिजे. ज्या गावांची पूररेषा आखली गेली आहे, तिथे तिचा नकाशा शासकीय कार्यालयात असतो आणि तो पाहण्याचा आपल्याला हक्क आहे.

यात एक मेख आहे. या रेषेचे नाव घेऊन कुठे गरिबाची झोपडी उठवली जाते आणि तिच्याच शेजारी भराव टाकून मंगल कार्यालय उभे राहते. भरावाने नदीचे पात्र आवळले की पाणी शेवटी फिरते ते आपल्याच वस्तीकडे. म्हणून पूररेषा सगळ्यांना सारखी लावा, आणि ज्यांना उठवायचे त्यांना आधी उंचावर, कामाच्या ठिकाणापासून फार लांब नाही अशी जागा द्या, हीच आपली मागणी असली पाहिजे. पुनर्वसनाच्या जागेला रस्ता, पाणी आणि शाळा नसली, तर माणसे पुन्हा नदीकाठीच येतात. त्यात त्यांचा दोष नाही.

आता कायद्याकडे वळू. २००५ साली संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. या प्राधिकरणाने जिल्ह्याचा आपत्ती आराखडा करायचा आणि तो दरवर्षी तपासून सुधारायचा, असे कलम ३१ सांगते. जिल्ह्यातल्या कोणत्या भागांना कोणत्या आपत्तीचा धोका आहे, हे त्या आराखड्यात लिहिणे बंधनकारक आहे. इशारा लोकांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था ठेवणे, निवाऱ्यासाठी इमारती आधीच ठरवणे, तिथे पाण्याची आणि संडासाची सोय करणे, ही सगळी प्राधिकरणाची कामे कलम ३० मध्ये आली आहेत.

आणि कलम ६१? ते प्रत्येक घरात पाठ असायला हवे. मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून कोणताही भेदभाव करता येणार नाही, असे ते कलम बजावते. असे कलम लिहावे का लागते, ते तुम्हाला ठाऊक आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या नागपट्टिणम भागात दलित कुटुंबांना छावणीत वेगळे बसवल्याच्या आणि पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या होत्या. समुद्राने सगळ्यांना सारखे झोडपले, पण पाण्याच्या टाकीवर जात उभी होती. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जो प्रश्न विचारला गेला, तो छावणीतल्या टाकीवर पुन्हा विचारावा लागू नये, म्हणून हे कलम आपल्या हाताशी असावे. असा भेदभाव दिसला तर तारीख, वेळ, ठिकाण लिहून काढा आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तोंडी भांडणाचा कागद होत नाही.

पूर आणि नियोजन यांचे नाते आपल्याला नवे नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीचा मोठा पूर आला, बांध फुटले आणि कलकत्त्याची रेल्वे तुटली. पुढे जानेवारी १९४५ मध्ये बाबासाहेबांनी कलकत्त्याला परिषद घेऊन दामोदर खोऱ्याच्या एकत्रित योजनेला चालना दिली. त्यातूनच १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत ओरिसाच्या पुरांविषयी त्यांनी मांडलेला विचार आजही ताजा आहे. पाणी ही संपत्ती आहे, नुसते बांध घालून ते समुद्रात ढकलण्यापेक्षा अडवून, साठवून शेती, वीज आणि जलवाहतुकीला वापरावे, असा त्याचा सारांश. पुराकडे दैवी कोप म्हणून न पाहता राज्यकारभाराचा प्रश्न म्हणून पाहायला त्यांनी शिकवले.

आज त्यात एक ओढाताण वाढली आहे. धरण भरलेले असावे असे शेतीला आणि विजेला वाटते. पूर अडवायचा तर धरणात रिकामी जागा लागते. दोन्ही सांभाळायचे तर पाणी केव्हा आणि किती सोडणार, हे खालच्या गावांना वेळेवर कळले पाहिजे. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीच्या पुलाखाली यायला काही तास लागतात. ते तास म्हणजेच आपल्या हातातला वेळ. त्या वेळात म्हातारी उंचावर नेता येते, शेरडू सोडता येते, पोरांची दप्तरे वाचतात. इशारा वस्तीत पोचलाच नाही, तर ते तास फुकट जातात. मोबाईलवर आलेला संदेश ज्या आजीला वाचता येत नाही, तिच्यासाठी दारात येऊन सांगणारा माणूसच लागतो.

आता पैशाविषयी. पुरानंतर तलाठी, ग्रामसेवक पंचनाम्याला येतात. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत मृत व्यक्तीच्या वारसांना ४ लाख रुपये, सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि झोपडीला ८ हजार रुपये अशी मदत होती. घर आणि झोपडी यांतला फरक पाहा! पंचनाम्याच्या कागदावर तुमच्या मातीच्या भिंतीच्या घरापुढे ‘झोपडी’ असा शब्द पडला, तर लाखाचे आठ हजार होतात. शिवाय पडलेले घर अधिकृत असल्याचा दाखला असावा, अशी अटही त्या निकषांत होती. म्हणजे वर्षानुवर्षे घरपट्टी भरूनही ज्यांची नोंद झाली नाही, त्यांचे घर पाण्यात एकदा पडते आणि कागदावर दुसऱ्यांदा.

म्हणून घरातल्या बायांना आमची विनंती आहे. पुरुष कामावर असतात. पंचनाम्याच्या वेळी दारात बहुधा तुम्हीच असता. सही किंवा अंगठा देण्याआधी काय लिहिले आहे ते शाळेत जाणाऱ्या लेकीकडून मोठ्याने वाचून घ्या. घर किती पडले, किती दिवस पाणी होते, कपडे, भांडी, धान्य, शिलाई मशीन, कोंबड्या, जे गेले ते लिहायला लावा. पाणी भिंतीवर जिथपर्यंत चढले होते ती खूण पुसू नका. तिचा फोटो काढा. रेशनकार्ड, आधारकार्ड, घरपट्टीची पावती, नमुना आठचा उतारा, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, मुलांच्या गुणपत्रिका हे सगळे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून जूनच्या आधीच ठेवा. प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे असू द्या. जातीचा दाखला भिजून गेला तर पोरीचे एक वर्ष कचेरीच्या पायऱ्यांवर जाते.

घर सोडताना विजेचा मुख्य खटका बंद करावा, गॅसची टाकी बंद करून बांधून ठेवावी. पाणी ओसरल्यावर पिण्याचे पाणी उकळूनच प्यावे. चिखलात अनवाणी फिरू नये. पायाला जखम असेल तर घाण पाण्यातून लेप्टोचा ताप येतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत या तापाने माणसे दगावली होती. ताप अंगावर काढू नये, सरकारी दवाखान्यात जावे. पुराच्या पाण्याबरोबर साप घरात येतात. दंश झाला तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. सापावरचे औषध दवाखान्यातच मिळते.

निवाऱ्याची बहुतेक ठिकाणची जागा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. शंभर-दीडशे माणसे आणि दोन संडास, त्यातला एक कुलूपबंद, हे चित्र ओळखीचे आहे. बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, का तर रात्री जायचे कुठे? तान्ह्या पोराची आई, पाळी आलेली मुलगी, दिवस भरत आलेली बाई, यांची सोय ही काही चैन नाही. ती आराखड्यात लिहिलेली असली पाहिजे.

हे सगळे कोणी मागायचे? आपणच, आणि पाऊस पडण्याआधी. आपल्याकडे १ मे रोजी ग्रामसभा होते. पावसाळ्याच्या तोंडावरची ही सभा चुकवू नका. तिथे पाच प्रश्न लेखी द्या. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात आमच्या वस्तीचे नाव आहे का? पुलावर किती फूट पाणी आले की आम्ही निघायचे? ते सांगायला कोण येणार? जायचे कुठे, आणि तिथे पाणी-संडास तयार आहे का? बोट किंवा गाडी कोणाची आणि कितीची? उत्तरे सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. शहरात असाल तर हेच प्रश्न वॉर्ड ऑफिसात न्या. उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जावर आराखड्याची प्रत मागता येते. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आणि मुंबई महापालिकेचा १९१६. हे नंबर समाजमंदिराच्या भिंतीवर रंगाने मोठे लिहून काढा. तरुणांनी ‘आपदा मित्र’ योजनेचे प्रशिक्षण आपल्या जिल्ह्यात केव्हा आहे, ते जिल्हाधिकारी कचेरीत विचारावे. पट्टीच्या पोहणाऱ्याला बुडत्या माणसाला कसे धरायचे, तेही शिकावे लागते.

कोणी म्हणेल, एवढे करायला आमच्याकडे संघटना कुठे आहे? आम्ही म्हणतो, आहे! प्रत्येक वस्तीत जयंती मंडळ आहे आणि मंडळाकडे वर्गणीची वही आहे. तिच्यात घरटी नाव आहे. एप्रिलमध्ये आपली पोरे प्रत्येक दारात जातात, एकही घर सोडत नाहीत. त्याच वहीत मे महिन्यात आणखी चार रकाने आखा: घरात माणसे किती, म्हातारे-अपंग-आजारी कोण, गरोदर बाई आहे का, पोहता कोणाला येते. शेवटच्या पुरात पाणी कुठवर आले होते, त्याची प्रत्येक घराच्या भिंतीवर एक आडवी रेघ मारा. सर्वांत खालच्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागले त्या वेळी पुलावर किती फूट होते, ते जुन्या माणसांना विचारा, त्या दिवसांची वर्तमानपत्रे काढून पडताळा आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्याची एक प्रत तलाठ्याला द्या आणि त्याच्याकडून पोच घ्या.

मग पावसाळ्यात ‘आज किती फूट?’ असे कोणी विचारले, तर पुढचा प्रश्नही आपल्या तोंडी असेल: ‘आणि आपल्याला किती राहिले?’ त्याचे उत्तर ज्या वस्तीला ठाऊक आहे, तिला मध्यरात्री अंधारात पोरे खांद्यावर घेऊन पळावे लागणार नाही. ती उजेडी, रांगेने, म्हाताऱ्यांना पुढे घालून निघेल.